ओला रॉड आणि रात्री पडणारी भेग

सिन्नरजवळ माझ्या एका मित्राचा छोटा कारखाना आहे. त्याला कॉम्प्रेस्ड हवेसाठी टाकी हवी होती, मीटरभर व्यासाची, १० किलो प्रेशरची. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहती पालथ्या घालून त्याने तीन कोटेशनं आणली आणि मला फोन केला. "एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा आहे. प्लेट तीच, वेल्डिंग तेच. मग बाकीचे लुटतायत का?"

प्लेट तीच असेलही. 'वेल्डिंग तेच' यावर मात्र मी अडलो.

आधी आकडा बघू. १० किलो प्रेशर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १० किलोचा रेटा. टाकीच्या टोकाला जो घुमटासारखा भाग असतो त्याला डिश एंड म्हणतात. मीटरभर व्यासाच्या डिश एंडवर हा रेटा भरतो ७८ टन. कांद्याने भरलेले तीन मोठे ट्रक त्या टोकाला बाहेर ढकलत उभे आहेत, आणि त्यांना धरून ठेवलंय एका वेल्डने. गेट-ग्रिलच्या वेल्डवर फार तर एखादं पोर लोंबकळतं.

वेल्डिंग म्हणजे लोखंड चिकटवणं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ती छोटीशी ओतशाळा असते. आर्कखाली, म्हणजे विजेच्या अखंड ठिणगीखाली, प्लेटच्या कडा आणि रॉड (लेप लावलेली वेल्डिंगची सळई) वितळून एक इवलंसं डबकं होतं, ते थिजतं आणि जोड बनतो. शेजारची प्लेट वितळत नाही, पण लालबुंद होऊन झटकन गार होते, म्हणजे लोहार विळ्याला देतो तसं तिला नकळत पाणी दिलं जातं. गोंधळ घालणारी जागा हीच. आणि इथे शिरणारा चोर म्हणजे हायड्रोजन.

तो येतो रॉडवरच्या लेपातल्या ओलाव्यातून. (आषाढ-श्रावणातली नाशिकची हवा आठवा. उघड्या पुडक्यातला रॉड ती मुकाट पिऊन घेतो.) आर्कच्या हजारो अंशांत पाण्याचा रेणू फुटतो आणि सुटा हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात विरघळतो. तापलेल्या लोखंडात त्याला भरपूर जागा असते, गार लोखंडात जवळजवळ नाही. गार होताना लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते. वरच्या तापमानाच्या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. तिच्यात हायड्रोजन जास्त मावतो, पण सावकाश हलतो. खालच्या तापमानाच्या फेराइटमध्ये कमी मावतो आणि भराभर पळतो. वेल्डमध्ये कार्बन सहसा प्लेटपेक्षा कमी असतो, म्हणून आधी वेल्डचं फेराइट होतं. तिथून हाकललेला हायड्रोजन शेजारच्या, अजून ऑस्टेनाइट असलेल्या पट्ट्यात घुसतो. मग तो पट्टाही गार होतो आणि प्लेट जाड किंवा मिश्रधातूची असेल तर त्याचं मार्टेन्साइट होतं, काचेसारखं कडक. कडक पट्टा, आत कोंडलेला हायड्रोजन, आणि आकसणाऱ्या वेल्डची ओढ. तिघं जमले, तापमान दीडशे-दोनशे अंशांखाली गेलं, की भेग पडते.

लगेच नाही. गार लोखंडात हायड्रोजन रांगत रांगत ताण असलेल्या जागी गोळा होतो, त्याला काही तास लागतात, कधी एक-दोन दिवस. म्हणून अशा जोडांची तपासणी मुद्दाम ४८ तास थांबून करण्याची पद्धत आहे. संध्याकाळी आरशासारखा दिसलेला वेल्ड सकाळी तडकलेला सापडतो. एका शॉपमध्ये अशाच सकाळी 'नजर लागली' म्हणून टाकीच्या नोझलला (पाइप जोडायच्या तोंडाला) लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. हायड्रोटेस्टच्या, म्हणजे टाकीत पाणी दाबून भरून तपासण्याच्या, दिवशी नारळ फोडायला माझी हरकत नाही, खोबरं सगळ्यांना मिळतं. पण रॉड भाजला असता तर लिंबू वाचलं असतं.

भाजणं हाच उपाय. ७०१८ हा लो-हायड्रोजन रॉड. तो साधारण ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजायचा आणि वापरेपर्यंत १२० अंशांवरच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. त्याच्या एच-४ जातीत १०० ग्रॅम वेल्डमागे हायड्रोजन ४ मिलिलिटरपेक्षा जास्त चालत नाही. चहाचा चमचाही भरत नाही एवढा! जाड प्लेट आधी तापवतात तीही यासाठीच. जोड सावकाश गार होतो, पट्टा कडक होत नाही आणि हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो.

आता कोड, म्हणजे अशा टाक्या बनवण्याची नियमावली. अमेरिकेत ब्रॉकटन गावी २० मार्च १९०५ रोजी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला, ५८ माणसं गेली. असल्या अपघातांतून तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा, म्हणजे एएसएमईचा, पहिला बॉयलर कोड १९१४ साली तयार झाला. वेल्डिंगची कृती त्याच्या नवव्या भागाप्रमाणे लिहितात: कुठली प्लेट, कुठला रॉड, किती करंट, किती प्रीहीट (प्लेट आधी किती तापवायची). तशी एक प्लेट जोडून तिचे तुकडे ओढून तोडतात, काही १८० अंशांच्या कोनात वाकवतात. वाकवल्यावर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली तर नापास. प्रीहीट ५५ अंशांपेक्षा जास्त घटवली किंवा ७०१८ सोडून गेट-ग्रिलचा ६०१३ घेतला, की परीक्षा पहिल्यापासून. वेल्डरचीही वेगळी परीक्षा असते, आणि सहा महिने ती पद्धत हाताळली नाही तर पात्रता जाते.

वेल्डचा एक्स-रे वाचवणाऱ्याकडून कोड जाड प्लेट मागून वसुली करतो. पूर्ण एक्स-रे असेल तर मित्राच्या टाकीला गणिताने साधारण ३.६ मिलिमीटर जाडी पुरते, अजिबात नसेल तर साधारण ५.१ लागते. गंजासाठीची जाडी वेगळी.

पण कोडच्या परीक्षेचा तुकडा भाजलेल्या रॉडने जोडलेला असतो. ऑगस्टमधल्या दुपारी हेल्परने उघड्या पुडक्यातून रॉड उचलला तर त्या कागदाला पत्ता लागत नाही. मित्राच्या पातळ, साध्या प्लेटला भेगेचा धोका कमीच, ओल्या रॉडने तिथे छिद्रं पडतात. तरी मी त्याला म्हटलं, सर्टिफिकेटं पाहून झाली की रॉडचा ओव्हन उघडायला सांग.

स्वस्त कोटेशनवाल्याकडे ओव्हन होता, चालूही होता. आत रॉडच्या शेजारी दुपारचे दोन डबे गरम होत होते. एकाचं झाकण सैल होतं आणि वरणाची वाफ निवांत रॉडवर जात होती.