भाताचं गणित गुणाकाराचं नाही

एका वाटीचा भात मला बरा जमू लागला होता. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, वर झाकण, मंद आच. मग एकदा चार वाट्यांचा भात लावायची वेळ आली. चोख हिशोब करून आठ वाट्या पाणी ओतलं आणि झाकण काढलं तर आत गिचका! प्रमाण तर तेच होतं.

घोळ होता गुणाकारात. पातेल्यातलं पाणी दोन वाटांनी जातं. काही तांदूळ पितो, काही वाफ होऊन उडतं. तांदूळ जे पितो ते तांदळाच्या मापात वाढतं. एका वाटीला साधारण सव्वा वाटी धरा. जात आणि आवड यांप्रमाणे ते थोडं कमी-जास्त होईल. वाफेला मात्र तांदूळ किती आहेत याच्याशी देणंघेणं नाही. तिचा हिशोब आचेवर, वेळेवर आणि झाकण किती घट्ट बसतं यावर. पातेलं तेच आणि आच तीच असेल, तर एका वाटीच्या भातात पाऊण वाटी पाणी उडेल आणि चार वाट्यांच्या भातातही जवळपास तेवढंच. म्हणजे चार वाट्यांना लागतं पाच अधिक पाऊण, फार तर सहा वाट्या. माझ्या दोन वाट्या जास्तीच्या होत्या, आणि भाताने त्या निमूट पिऊन टाकल्या.

अनुभवी हात वाटीने मोजतच नाहीत. तांदळावर बोटाचं एक पेर पाणी ठेवतात. हे अंदाजपंचे वाटतं, पण तांदूळ कितीही असले तरी वरचा थर तेवढाच राहतो. गुणाकाराऐवजी बेरीज! पातेलं फार पसरट असेल तर मात्र हे पेरही फसवतं.

आता दाण्याच्या आत डोकावू. कोरड्या तांदळात पाणी असतं जेमतेम 12 ते 14 टक्के. बाकी बहुतेक सगळा स्टार्च, सूक्ष्म कणांत घट्ट रचलेला. थंड पाण्यात हे कण थोडेसे फुगतात, पण रचना सोडत नाहीत. तापमान 55 ते 79 अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी पोचलं (नेमकं कुठे, ते तांदळाच्या जातीवर ठरतं) की रचना विस्कटते, कण पाणी ओढून फुगतात आणि दाणा मऊ होतो. म्हणजे शिजायला 100 अंश लागतातच असं नाही. वेळ जातो तो पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत झिरपण्यात. वीस-तीस मिनिटं भिजवलेला तांदूळ लवकर आणि सारखा शिजतो तो यामुळेच. पाण्याचा अर्धा प्रवास आधीच झालेला असतो. पॉलिश न केलेल्या तांदळाला कोंड्याचं आवरण असतं. ते पाण्याला अडवतं, म्हणून त्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो.

भात मोकळा होणार की चिकट, हे बरंचसं तांदूळ निवडतानाच ठरलेलं असतं. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज साधारण सरळ साखळीचं, अमायलोपेक्टिन झाडासारखं फांद्या फुटलेलं. अमायलोज 25 टक्क्यांच्या वर असेल तर भात फडफडीत होतो. अगदी चिकट तांदळात ते जवळजवळ नसतंच. तिथे कितीही कसरत केली तरी शीत न शीत सुटं होणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. धुताना निघणारं पांढरं पाणी म्हणजे दाण्यांवरची स्टार्चची भुकटी. ती गेली की चिकटपणा थोडा कमी होतो, थोडाच. जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी मागतो आणि मोकळा होतो, कारण साठवणीत त्याची प्रथिनं आणि पेशीभित्तिका बदलत जातात. नव्या पोत्याशी जुन्या प्रमाणाचं जमत नाही ते त्यामुळे.

शिजला की नाही, हे कसं ओळखायचं? शितावरून भाताची परीक्षा ही नुसती म्हण नाही. प्रयोगशाळेतही दाणे काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून पाहतात. मध्ये पांढरा अपारदर्शक ठिपका दिसला तर गाभा कच्चा. दहापैकी नऊ दाण्यांत ठिपका दिसेनासा झाला की तांदूळ शिजला असं धरतात. घरी काच नको, अंगठा आणि तर्जनी पुरे. फक्त शीत एकच न घेता वरचं एक, तळाचं एक घ्यावं.

तळाचं वागणंच वेगळं असतं. पातेल्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ 100 अंशांच्या आसपास राहतो. ते आटलं की तापमान झपाट्याने चढतं आणि भात बुडाला लागतो. विजेच्या राइस कुकरची सगळी हुशारी इथेच आहे. पाणी संपून तापमान चढलं की तो स्वतःच बंद पडतो. जपानमध्ये 1955 साली तोशिबाने असा स्वयंचलित कुकर बाजारात आणला. गॅसवर हे काम आपल्या नाकाला करावं लागतं.

आच बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. ही सूचना मी वर्षभर मोडली. त्या वेळात वरच्या कोरड्या आणि खालच्या ओल्या दाण्यांमधलं पाणी सारखं होत जातं आणि शितं जरा घट्ट होतात. आधी ढवळलं की ती मोडतात.

उरलेला भात फ्रिजमध्ये कडक होतो तो वाळल्यामुळे नव्हे. विस्कटलेले रेणू थंडीत पुन्हा रांगेत बसू लागतात. पाण्याचा शिपका मारून गरम केला की त्यातले बरेचसे पुन्हा सुटतात. पण तो फ्रिजमध्ये लवकर गेलेला असायला हवा. बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि भात तासन्‌तास कोमट राहिला तर वाढीला लागतात. त्यांचं उलटी घडवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून भात उरला तर पसरट भांड्यात पातळ थर करून निववावा आणि तास-दोन तासांच्या आत थंडीत ठेवावा.