हाक्यापासून परवान्यापर्यंत : नाशिकमधील रानडुकराच्या शिकारीची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत आणि मळ्यांतल्या घरांत भिंतीवर लावलेले रानडुकराचे पिवळे पडलेले सुळे अजूनही कुठे कुठे पाहायला मिळतात. आमच्या आजोळच्या घरातही अशी एक जोडी होती आणि तिच्याखाली बसून घरातील वडीलधारी मंडळी "आम्ही पाच-सहा सोबती डुकराच्या शिकारीला गेलो होतो" अशी सुरुवात करून अर्धी रात्र सहज काढीत असत. आज तोच प्रसंग कोणी सांगितला, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न गुन्ह्याचा येतो. मित्रांनी मिळून केलेल्या या शिकारीचा अर्थ पिढ्यापिढ्यांत बदलत गेला. तो का आणि कसा बदलला, हे समजून घ्यायचे तर आधी शेताच्या बांधावर जावे लागते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत भात, नागली आणि वरई ही मुख्य पिके आहेत, आणि ती दाण्यावर आली की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. रानडुक्कर खाते त्याहून अधिक नासधूस करते. कंद, मुळे आणि किडे शोधत ते मुस्कटाने जमीन उकरत जाते आणि मागून येणारा कळप उभे पीक लोळवतो, त्यामुळे एका रात्रीत एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या धान्यावर पाणी पडू शकते. म्हणून माळा बांधून जागल करणे, डबे वाजवणे, टेंभे पेटवणे आणि गोफण फिरवणे हा महादेव कोळी, कोकणा, वारली, भिल्ल आणि ठाकर समाजांच्या शेतीचाच भाग होता. एवढे करूनही कळप हटेनासा झाला, की गाव मिळून हाका करीत असे.

हाका हे एकट्याचे काम नव्हे. काही जण ओहोळाच्या किंवा खिंडीच्या तोंडाशी भाले, कुऱ्हाडी, तीरकामठे घेऊन दबा धरतात, बाकीचे दुसऱ्या अंगाने आरोळ्या देत, झुडपे झोडपत, कुत्र्यांसह रान उठवत येतात. यात खरा धोका दबा धरणाऱ्याला असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते, आणि जखमी झालेला नर पळण्याऐवजी अंगावर येतो. त्याचा वार खालून वर होतो आणि सुळा मांडी किंवा पोट फाडत जातो. 'मुसंडी मारणे' हा शब्दप्रयोग आज आपण निवडणुकीच्या आणि क्रिकेटच्या बातम्यांत सर्रास वाचतो, पण त्यातले बळ कळायचे तर समोरून येणारे रानडुक्कर डोळ्यांपुढे आणावे. अशा वेळी शेजारचा माणूस जागा सोडणार नाही, हा विश्वास असल्याशिवाय कोणी खिंडीत उभे राहत नसे. सोबती या शब्दाला तेव्हा इतका थेट अर्थ होता.

शिकार पडली की तिचे वाटे होत. वार करणाऱ्याला वाटा मिळे तसाच तो हाकाऱ्यांनाही मिळे, आणि कुत्र्यांनाही सोडले जात नसे. गावडुक्कर ज्या घरांत मुळीच चालत नसे, अशा अनेक मराठा आणि इतर शेतकरी घरांतही रानडुकराचे मटण आवडीने खाल्ले जाई. पीक राखणे, जोखीम वाटून घेणे आणि मांस वाटून घेणे या तिन्ही गोष्टी त्या एका दिवसात गुंफलेल्या होत्या, आणि पुढच्या दीडशे वर्षांत त्या एकेक करून सुट्या झाल्या, असे मला वाटते.

इंग्रजी अमलात रानडुक्कर हे साहेबांच्या खेळाचे सावज झाले. घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारण्याच्या या खेळाची सर्वांत नावाजलेली स्पर्धा मेरठकडील कादिर चषकाची होती. पुढे बालवीर चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल यांनी १८८३ मध्ये हा चषक जिंकला आणि १८८९ मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिले. मादीवर भाला चालवायचा नाही, हा या खेळाचा दंडक होता. तो ऐकायला उदात्त वाटतो, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ उलटा निघतो, कारण कळप वाढतो तो मादीमुळे. साहेबाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा होता आणि शेतकऱ्याला रिकामे शेत.

खेळापेक्षा खोल परिणाम कायद्यांनी केला. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला, आणि त्यानंतर नऊच वर्षांनी, १८७८ मध्ये, दोन कायदे एकाच वर्षी आले. भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगल गावाच्या हातून काढून घेतले आणि तेथील शिकार सरकारी नियमांखाली आणली, तर शस्त्र अधिनियमाने बंदूक बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला. पुढे १९१२ मध्ये वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत हरणे, गवे, ससे, रानम्हशी, गेंडे होते, रानडुक्कर नव्हते. सरकारच्या लेखी ते राखण्याजोगे नव्हते, पण ते ज्या जंगलातून शेतात येत होते त्या जंगलात शिरून ते मारण्याची मोकळीकही गावाला उरली नव्हती. मधल्या मध्ये शेतकरी सापडला. रानडुक्कर मारू द्यावे की नाही, या आजच्या वादातला कडवटपणा मला तेव्हापासून चालत आलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा आपला कायदा केला आणि शिकार परवान्यावर चालू राहिली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद ठेवली गेली. आजोळच्या आठवणी याच काळातल्या. शहरातील आणि बागायती पट्ट्यातील ऐपतदार मित्र जीप काढीत, बारा बोअरची बंदूक आणि मोठी बॅटरी घेऊन शनिवारी रात्री घाटाकडे निघत. हाका तेव्हाही होई, पण हाकारे आता रोजंदारीवर लावलेले गावकरी असत, मित्र बंदुकीमागे बसत, आणि ज्याचे पीक गेले तो माणूस बहुधा हाकाऱ्यांत असे. या सहलींच्या आठवणी गोड आहेत, ते मी नाकारत नाही, परंतु गावच्या हाक्याशी त्यांचे नाते फक्त नावापुरते उरले होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने देशभर एक चौकट आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकारही संपवली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर या कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. या कायद्यातील शिकारीची व्याख्या फार व्यापक आहे. मारण्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, हाकून आणणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सर्व तिच्यात येते, त्यामुळे बंदूक चालवणाऱ्याइतकाच त्याच्यासाठी रान उठवणारा मित्रही दोषी ठरू शकतो. दोष सिद्ध झाल्यास न्यायालय गुन्ह्यात वापरलेल्या बंदुकीचा परवाना रद्द करू शकते आणि पुढची पाच वर्षे नवा मिळू नये, असा आदेशही देऊ शकते.

मात्र कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. प्राणी मानवी जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ठराविक क्षेत्रात, ठराविक मुदतीसाठी प्राण्याला उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार कलम ६२ नुसार केंद्राकडे आहे, आणि २०१६ मध्ये उत्तराखंडातील काही जिल्ह्यांत रानडुकराबाबत तो वापरला गेला.

रानडुक्कर मारू द्यावे, ही मागणी वाढण्याची कारणे शेतातच दिसतात. वाघ या जिल्ह्यातून जवळजवळ गेला, आणि बारमाही ऊस व दाट मका यांनी पूर्वेकडील सपाट भागातही रानडुकराला आडोसा आणि अन्न दिले. मादीचा गर्भकाळ सुमारे चार महिन्यांचा असतो आणि एका वेताला साधारण चार ते सहा पिल्ले होतात. नुकसानभरपाई पंचनाम्यानंतर मिळते, परंतु तोवर हंगाम निघून जातो. याच हतबलतेतून काही जण गावठी बॉम्ब किंवा विजेच्या उघड्या तारा वापरतात. त्यांत गुरे, कुत्री, बिबटे मरतात आणि माणसेही मरतात. हा मार्ग बेकायदा तर आहेच, पण हाक्यात निदान समोर कोण आहे ते दिसत असे, एवढे तारतम्यही त्यात नाही.

रीतसर परवानगीने रानडुक्कर मारले, तरी कलम ३९ नुसार ते शासनाची मालमत्ता ठरते. पंचनामा होतो आणि मृतदेहाची विल्हेवाट वनविभागाच्या देखरेखीखाली लावली जाते. तिथे ना वाटे पडतात, ना कुत्र्यांना काही टाकले जाते, आणि परवानगी मागणारा शेतकरी त्याच रात्री पुन्हा बॅटरी घेऊन आपल्या माळ्यावर जागलीला जातो, बहुतेक वेळा एकटाच.