पाऊण म्हणजे एकाला पाव कमी

१/५ आणि १/८ यांत मोठा कोणता, असं वर्गात विचारलं की बरेच हात १/८ साठी वर जातात. कारण तयार असतं: पाचापेक्षा आठ मोठे! मग शिक्षक फळ्यावर लिहितात, ‘छेद मोठा, तो अपूर्णांक लहान’. मुलं ते पाठ करतात आणि आठवड्याभरात तीच मुलं ७/८ हा २/३ पेक्षा लहान आहे, असं छातीठोकपणे सांगू लागतात. नियम फक्त अंश सारखे असताना लागू होतो, ही अट पाठांतरात कुठेतरी गळून पडलेली असते.

गोम आपल्या लिहिण्याच्या पद्धतीतच आहे. अपूर्णांक ही एक संख्या, पण कागदावर दिसतात दोन. जन्मापासून वस्तू मोजत आलेलं मूल त्या दोन वेगवेगळ्या वाचतं. १९७८ साली अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर झालेल्या एका चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा नुसता अंदाज विचारला होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाला जवळजवळ टेकलेले, म्हणजे बेरीज २ च्या आसपास. हे उत्तर देणारी मुलं निघाली २४ टक्के. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ वर खूण केली होती. अंशांची बेरीज १९, छेदांची २१. इतकी बेरीज करताना ‘१२/१३ म्हणजे साधारण किती?’ हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही.

म्हणून माझं मत असं, की तुलना शिकवताना लसावि आणि तिरकस गुणाकार शेवटी यावेत. आधी डोळ्याला अंदाज हवा, आणि त्यासाठी कागदाच्या पट्टीइतकं चांगलं साधन मला तरी दुसरं माहीत नाही.

एकाच लांबीच्या काही पट्ट्या कापून घ्या. लांबी सारखीच हवी, कारण लहान पट्टीचा अर्धा भाग मोठ्या पट्टीच्या तिसऱ्या भागापेक्षाही लहान भरू शकतो आणि मग सगळी तुलनाच फसते. एका पट्टीचे तीन समान भाग करा. तीन भागांची घडी पहिल्या प्रयत्नात कधीच जुळत नाही, टोकं थोडी पुढेमागे सरकवावी लागतात. दोन भाग रंगवा. हे झाले २/३. आता पट्टी लांबीच्या दिशेने मधोमध दुमडून उलगडा. भाग झाले सहा, त्यांतले रंगीत चार. रंग मात्र होता तेवढाच आहे. मुलांना इथे थोडा वेळ द्यावा, घाईने ‘म्हणून २/३ = ४/६’ लिहू नये. घडीने प्रत्येक तुकड्याचे दोन केले, रंगीतही आणि कोरेही. अंश आणि छेद या दोघांनाही २ ने गुणायचं ते यामुळे. उलट दिशेने गेलं, म्हणजे मधली घडी नसल्याचं मानलं, की ४/६ चं अतिसंक्षिप्त रूप २/३ मिळतं.

गुणून चालतं, मग दोघांत सारखीच संख्या मिळवून का चालत नाही? हा प्रश्न एखादं चौकस मूल विचारतंच, आणि नाही विचारला तर आपण विचारावा. १/२ च्या अंशात आणि छेदात एकेक मिळवत गेलं की २/३, ३/४, ४/५ असे अपूर्णांक येतात. प्रत्येक पट्टीत कोरा तुकडा एकच, पण तो दरवेळी अरुंद होत जातो. रंग एकाच्या दिशेने सरकत राहतो, आणि पूर्ण एक मात्र कधीच होत नाही.

याच कोऱ्या तुकड्यावरून मुलांची माझी सर्वांत आवडती चूक निघते. ५/६ आणि ७/८ यांत मोठा कोणता? ‘दोन्ही सारखे, दोघांतही एकच कमी आहे.’ उत्तर चुकलं, पण नजर अगदी योग्य ठिकाणी गेली. आता फक्त विचारायचं, ‘एक काय कमी आहे?’ पहिल्यात एक षष्ठांश, दुसऱ्यात एक अष्टमांश. उणीव जिथे लहान, तो अपूर्णांक मोठा. मराठीला ही नजर जुनी आहे. ‘पाऊण’ हा शब्द संस्कृत ‘पादोन’वरून आला, पाद म्हणजे चौथा भाग आणि ऊन म्हणजे कमी. ३/४ ला आपण ‘तीन चतुर्थांश’ क्वचितच म्हणतो, सरळ ‘एकाला पाव कमी’ म्हणतो. पावणेदोनमध्येही तोच पाव दोनातून वजा झालेला असतो.

एकाचा आधार असतो तसा अर्ध्याचाही. ५/९, २/५, ७/८ आणि ३/७ हे चार अपूर्णांक चढत्या क्रमाने लावायचे आहेत. पुस्तकी वाटेने गेलो तर छेदांचा लसावि २५२०. चार मोठे गुणाकार, आणि त्यांत हातचा चुकण्याची भरपूर सोय. त्यापेक्षा अर्ध्याशी ताडून पाहा. सातातले साडेतीन म्हणजे अर्धे, तेव्हा ३/७ अर्ध्याच्या अलीकडे. पाचाचे अर्धे अडीच, २/५ पण अलीकडेच. ५/९ अर्ध्याच्या जेमतेम पलीकडे आणि ७/८ तर एकाच्या उंबरठ्यावर. राहिले २/५ आणि ३/७. इथे छेदांऐवजी अंश समान करू: ६/१५ आणि ६/१४. तुकडे तितकेच, पण पंधरावा भाग चौदाव्यापेक्षा लहान. क्रम लागला: २/५, ३/७, ५/९, ७/८. अंश समान करण्याची ही युक्ती शाळेत फारशी का शिकवत नाहीत, हे मला कोडंच आहे.

अर्थात काही जोड्या अशा नजरेला दाद देत नाहीत. ३/५ आणि ५/८ घ्या. दोन्ही अर्ध्याच्या थोडे पुढे. इथे तिरकस गुणाकार हवाच: ३ × ८ = २४, ५ × ५ = २५, म्हणून ५/८ मोठा. पण हे २४ आणि २५ कसले, असं विचारलं की चांगले गुण मिळवणारी मुलंही गप्प होतात. ते २४/४० आणि २५/४० चे अंश आहेत. ४० हा छेद दोन्हीकडे सारखा, म्हणून लिहायचा कंटाळा केला, इतकंच. ते एकदा कळलं की तिरकस गुणाकार जादूची कांडी राहत नाही.

प्राचीन इजिप्तमधल्या लेखनिकाने हीच जोडी वेगळ्या तऱ्हेने पाहिली असती. इ. स. पू. १५५० च्या सुमाराची, आहमेस नावाच्या लेखनिकाने नकललेली एक गणिती गुंडाळी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या लोकांचे अपूर्णांक, २/३ सारखा अपवाद सोडला तर, अंश १ असलेल्यांच्या बेरजेनेच लिहिले जात. त्या रीतीने ३/५ म्हणजे १/२ + १/१० आणि ५/८ म्हणजे १/२ + १/८. अर्धा दोघांत समान, उरलेल्यात आठवा भाग दहाव्यापेक्षा मोठा. लिहायला लांबलचक, पण तुलना मात्र आयती समोर.

आणि ३/५ व ५/८ यांच्या मधोमध नाही, पण दरम्यान कुठेतरी बसणारा एक अपूर्णांक हवा असेल तर? वर्गात सर्वाधिक वेळा होणारी बेरजेची चूक इथे मुद्दाम करायची: अंशात अंश, छेदात छेद मिळवायचा. आले ८/१३. बेरीज म्हणून हे साफ चूक, पण ८/१३ त्या दोघांच्या मध्येच पडतो, आणि कोणत्याही दोन असमान धन अपूर्णांकांचं असंच होतं. जॉन फॅरी नावाच्या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने १८१६ साली याच बेरजेशी जोडलेला एक गुण नोंदवला आणि फ्रेंच गणिती कोशीने तो सिद्ध केला: ठरावीक छेदापर्यंतचे सगळे अपूर्णांक चढत्या ओळीने मांडले, की मधला अपूर्णांक शेजारच्या दोघांच्या अशा बेरजेतून मिळतो. पाचापर्यंतचे छेद घेऊन ० ते १ मधले सगळे अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात चढत्या क्रमाने लिहा: ०/१, १/५, १/४, १/३, २/५, १/२, ३/५, २/३, ३/४, ४/५, १/१. आता सलग कोणतेही तीन उचला आणि कडेच्या दोघांची तीच चुकीची बेरीज करा. १/३ आणि १/२ घेतले तर २/५ येतात. २/५ आणि ३/५ घेतले तर येतात ५/१०, म्हणजे मधला १/२ च, फक्त पट्टीच्या दोन भागांऐवजी दहा भागांत मोजलेला.