डॅशहंडची पाठ : रॅम्पचा उतार, घरातली लादी आणि पहिले काही तास

डॅशहंड या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्याचे पाय आखूड करणारा जनुकीय बदल त्याच्या मणक्यांमधल्या गाद्याही लवकर कडक करतो. गादीचा मऊ गाभा पिल्लू वर्षाचं व्हायच्या आतच घट्ट होऊ लागतो, पुढे त्यात कॅल्शियम साचतं. मग साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात कधीतरी गादीचं कडं फाटतं आणि आतला कडक भाग मज्जारज्जूवर दाबला जातो. बहुतेकदा हे बरगड्या संपून कंबर सुरू होते तिथे घडतं, कारण वरच्या भागात समोरासमोरच्या बरगड्यांना जोडणारा अस्थिबंध गादीला जागेवर धरून ठेवतो. कंबरेत तो आधार नसतो.

सोफ्याला किंवा पलंगाला रॅम्प, म्हणजे चढ-उतारासाठी तिरपी फळी, लावल्यानं हा जन्मजात दोष जात नाही, हे आम्ही रॅम्प विकतानाच सांगतो. पाठीला रोज बसणारे धक्के कमी करणं तेवढं आपल्या हातात आहे.

रॅम्पची लांबी उंचीच्या तिप्पट हवी. सोफ्याची बैठक ४५ सेंमी असेल तर १३५ सेंमी, पलंग गादीसकट ६० सेंमी असेल तर १८० सेंमी. उतार २० अंशांच्या आत राहतो. जागा कमी म्हणून ४५ सेंमीच्या सोफ्याला ९० सेंमीचा रॅम्प लावला तर उतार ३० अंशांचा होतो आणि कुत्रा अर्ध्यातूनच खाली उडी टाकतो. असा रॅम्प घेण्यापेक्षा सोफ्यावर चढणंच बंद करून कुत्र्याचं अंथरूण जमिनीवर घाला. रुंदी ४० सेंमी, दोन्ही कडांना ५ सेंमीची पट्टी, वर खरबरीत रबर किंवा आखूड लवेचा गालिचा हवा. सनमायकावर नखं घसरतात. खालची कड लादीवर सरकली, रॅम्प एकदा जरी हलला, तरी कुत्रा पुन्हा त्यावर पाय ठेवायला धजत नाही.

पहिले दोन दिवस रॅम्प जमिनीवर सपाट ठेवून त्यावर खाऊ द्या. मग एक टोक १५ सेंमी उचला, दोन दिवसांनी सोफ्याला लावा. पट्ट्यानं ओढू नका. सोफ्याची उरलेली बाजू उशा लावून अडवा, नाहीतर तो रॅम्पनं चढेल आणि उडी मारून उतरेल; पाठीला मोठा धक्का बसतो तो उतरतानाच.

व्हिट्रिफाइड टाइल्सकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बेल वाजली की कुत्रा धावतो, दाराशी वळताना मागचे पाय एका बाजूला घसरतात आणि कंबर पिळवटते. त्या वाटेवर न घसरणारी चटई पसरा. तळव्यातले केस दर तीन आठवड्यांनी कापा. चालताना नखं टकटक वाजत असतील तर तीही.

वजन बोटांनी ओळखा : हलक्या हातानं बरगड्या लागायला हव्यात. खाणं वाटीनं नको, किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. बिस्किटं आणि तूप लावलेली पोळी हिशेबात धरा.

फिरायला नेताना गळपट्टा नको, हार्नेस घाला; मानेतली गादीही सरकू शकते. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ जमिनीला समांतर. पुढच्या पायांखाली धरून लोंबकळू देऊ नका.

पाठीची कमान करून उभं राहणं, थरथरणं, पोट कडक होणं, उचलल्यावर केकाटणं ही सुरुवात असते. यात मालिश करू नका. माणसांचं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल देऊ नका : ही औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात आणि त्यानंतर डॉक्टरांना हवं ते औषध देणंही अवघड होतं. डॉक्टरांच्या गोळीनं दुखणं थांबलं म्हणजे गादी भरून आली असं नव्हे. बरं वाटलं की तो उड्या मारतो आणि उरलेला गाभाही बाहेर येतो. म्हणून सांगितलेली विश्रांती, सहसा ४ ते ६ आठवड्यांची, पिंजऱ्यातच पूर्ण करा. उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढाच पिंजरा पुरे. शू-शीला उचलून बाहेर न्या, पोटाखाली घडी घातलेला टॉवेल धरून ५ मिनिटं, बस.

मागचे पाय लटपटले, पंजा उलटा टेकला, पाय ओढू लागला किंवा शू अडली तर सकाळची वाट पाहू नका. पायातली वेदनेची जाणीव गेली तर शस्त्रक्रियेला लागलेला प्रत्येक तास महाग पडतो. स्कूटरच्या फूटबोर्डवर नेऊ नका. सपाट तळाच्या खोक्यात टॉवेल घालून, दोन्ही बाजूंनी गुंडाळ्या लावून गाडीनं न्या. निघतानाच डॉक्टरांना फोन करून सांगा : शेवटचा नीट कधी चालला, शू किती वाजता केली, कोणतं औषध किती दिलं.