किट बसवलंत, आता चावी बंद करा

पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट घरीच बसवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पद्मिनी, अॅम्बॅसॅडर, पेट्रोलची जीप, पॉइंटवाली मारुती ८००. यापैकी एखादी गाडी अजून सांभाळत असाल तर डिलकोची टोपी उघडणं तुम्हाला नवीन नाही. (कागदोपत्री तो डिस्ट्रिब्युटर, प्लगांना ठिणगी वाटून देणारा. उद्यमनगरात त्याला डिलको म्हटल्याशिवाय कोणी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेत नाही, म्हणून इथेही डिलकोच.) त्यामुळे टोपी कशी काढायची, रोटर कसा ओढायचा हे इथे सांगत बसत नाही. किटच्या डब्यात आकृती आहे, तेवढी पुरते. हा कागद वेगळ्याच कारणासाठी छापला आहे.

दर महिन्याला तीन-चार मॉड्यूल (किटमधला, पॉइंटची जागा घेणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळून परत येतात आणि फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं. “साहेब, तुमचं किट दोन दिवस पण टिकलं नाही.” आम्ही विचारतो, चावी ऑन ठेवून काही काम केलंत का? “छे हो, गाडी तर चालूच केली नव्हती.” नेमकं तेच! गाडी चालू नव्हती, चावी चालू होती.

याचं मूळ एका चांगल्या सवयीत आहे. पॉइंटच्या गाडीचं टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडावी ते) आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बल्ब लावून करतात. पुलीवरची खूण जुळवायची, कॉइलच्या (बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून ठिणगी देणारी डबी) मायनसला बल्बची एक वायर, दुसरी बॉडीला, चावी ऑन करायची आणि डिलको हळूहळू फिरवायचा. बल्ब पेटला की पॉइंट उघडला, तिथे क्लॅम्प आवळायचा. पॉइंटला ही पद्धत उत्तम, आम्हीही तशीच शिकलो. पण या सगळ्यात चावी दहा-पंधरा मिनिटं ऑन राहते. मध्ये स्पॅनर सापडत नाही, कोणीतरी चहा घेऊन येतं, शेजारी बॉनेटमध्ये डोकावून “हे काय नवीन?” विचारतो, आणि चावी तशीच.

आता हिशेब करा. पद्मिनीला बसते ती साधी कॉइल साधारण ३ ओहमची. १२ व्होल्टला तिच्यातून ४ अँपिअर जातात, म्हणजे ४८ वॅट. सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता एका डबीत कोंडलेली. इंजिन चालू असताना हा करंट सारखा तुटत असतो. ३००० आरपीएमला चार सिलेंडरच्या गाडीत सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, म्हणजे शंभर वेळा करंट बंद, शिवाय पंख्याचा वारा. इंजिन थांबलेलं असलं की तुटायला काही कारणच नाही, तो वाहतच राहतो.

“मग पॉइंट कसा जळत नव्हता?” हा प्रश्न योग्य आहे. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं तर पॉइंटच्या गाडीतही कॉइल तापायचीच. पण कॉइल तेलात बुडलेली आणि पॉइंट म्हणजे धातूचे दोन तुकडे, दोघंही सोसायचे. मॉड्यूलमध्ये नखाएवढा ट्रान्झिस्टर असतो, तोही डिलकोच्या पोटात, इंजिनाला चिकटून. त्याला पंधरा मिनिटं कोण सांभाळणार?

म्हणून आमचा नियम: इंजिन बंद असताना चावी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ऑन नको. गाडी धुताना गाणी लावायची असतील तर टेपची लाइन चावीवरून काढा आणि फ्यूज घालून थेट बॅटरीवरून द्या. मोबाइलच्या चार्जरचंही तेच. वायरिंगचं हे काम अर्ध्या तासाचं आहे, दुकानात आणलीत तर आम्ही करून देतो.

मग टायमिंग कसं करायचं? सोपं आहे, फक्त क्रम पाळा. पॉइंट काढायच्या *आधी* गाडी चालू करून बघा. नीट चालत असेल तर तुमचं टायमिंग बरोबर आहे, ते जपायचं. इंजिन बंद करून बॅटरीची मायनस काढा. डिलकोच्या बुडापासून इंजिन ब्लॉकपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, सरळ एकच. आता क्लॅम्पला हात न लावता पॉइंट आणि कंडेन्सर काढा, प्लेट बसवा, मॅग्नेटची रिंग रोटरखाली दाबा. रिंग आणि मॉड्यूलमधली फट डब्यातल्या प्लास्टिकच्या पट्टीने मोजा, पोस्टकार्डाने नाही. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. ही अदलाबदल झाली तर मात्र मॉड्यूल जळायला अर्धा मिनिटही लागत नाही. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला असते. तुमची तशी असेल तर हे किट बसवूच नका, आधी आम्हाला विचारा.

बॅटरी जोडून गाडी चालू करा. रेघ हलली नसेल तर बहुतेक पहिल्या-दुसऱ्या स्टार्टरला उठते. थोडा फरक उरतो, तो टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) काढायचा, म्हणजे चालत्या इंजिनावर. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, लाइटचा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा आणि पुलीवरची खूण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या अंशावर आणा. रोटर फिरतो त्या दिशेला डिलको फिरवला की टायमिंग मागे जातं, उलट फिरवला की पुढे. मग तिसऱ्या गिअरला चढावर नेऊन बघा. गाडी ठोकत असेल, म्हणजे इंजिनातून टकटक येत असेल, तर केसभर मागे घ्या.

टायमिंग लाइट एका दिवसासाठी विकत घ्यावा असं आम्ही म्हणणार नाही. दुकानात दोन ठेवले आहेत, अनामत ठेवून दोन दिवस न्या. किट आमच्याकडचं असेल तर भाडं नाही.

कॉइलबद्दल थोडं, कारण दुसऱ्या क्रमांकाचं भांडण तिचंच. किट घेताना बरेच जण बाजारातून “जास्त पॉवरची” कॉइलही आणतात. मीटर लावलं तर ती १.५ ओहमची निघते. म्हणजे करंट दुप्पट, ८ अँपिअर. अशी कॉइल बॅलास्ट रेझिस्टरशिवाय (कॉइलच्या आधी बसून करंट कमी करणारा रेझिस्टर) आमच्या साध्या किटवर चालणार नाही. मोजताना दोन्ही वायरी काढा आणि आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा. स्वस्त मीटर तिथेच ०.३ ओहम दाखवतं, तेवढे वजा करा. तुमच्या गाडीत मुळातच बॅलास्ट असेल तर तो राहू द्या, पण मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या अलीकडून, पूर्ण १२ व्होल्टवर घ्या. प्लगच्या वायरी नुसत्या तांब्याच्या असतील तर रेझिस्टन्सवाल्या लावा, नाहीतर मॉड्यूल गोंधळतं आणि गाडी मिसिंग करते.

आणि डिलकोची शाफ्ट धरून आडवी हलवून बघा. खेळ जाणवला तर किट घेऊ नका, आधी बुश करून घ्या. लेथवर एका दिवसाचं काम आहे. गिऱ्हाईक परत पाठवणारे दुकानदार म्हणून आमची चेष्टा होते, पण ढिल्या शाफ्टवर मॅग्नेट मॉड्यूलला घासला की चेष्टेपेक्षा महाग पडतं.

किटमुळे अॅव्हरेज दीडपट होईल असं आम्ही कुणालाही सांगितलेलं नाही. नीट लावलेला नवा पॉइंट आणि हे किट, पहिल्या दिवशी फारसा फरक कळणार नाही. फरक पाच हजार किलोमीटरनंतरचा आहे. पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटतो, टायमिंग सरकतं. इथे झिजायलाच काही नाही. कुर्ल्याहून शेवटची पद्मिनी बाहेर पडून वीसहून जास्त वर्षं झाली, मुंबईतली तिची टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात थांबली. हल्ली पाकिटात मिळणारे पॉइंट आणि कंडेन्सर कसे निघतात ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. तरी काढलेला पॉइंट, कंडेन्सर, स्क्रू आणि फीलर गेज एका पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. आंबोली घाटात रात्री ती पिशवी आमच्या फोन नंबरपेक्षा उपयोगी.

गॅरंटीबद्दल तक्रारी येतात, म्हणून स्पष्ट लिहितो. मॉड्यूल स्वतःच्या दोषाने गेलं तर एक वर्षात बदलून देतो, बिल हरवलं असलं तरी, डब्यावरचा नंबर पुरे. तापून गेलेलं बदलून देत नाही. पूर्वी द्यायचो. मग एकाच गृहस्थांना चार महिन्यांत तीन दिली आणि तिसऱ्या वेळी कळलं की ते बॉनेट उघडून, चावी ऑन करून, मुलाला “इग्निशन कसं चालतं” हे शिकवत होते. कौतुक वाटलं, पण चौथं दिलं नाही. अशा लोकांसाठी आता वरच्या दर्जाचं किट आहे. इंजिन थांबलं की ते करंट आपोआप तोडतं. साध्यापेक्षा महाग आहे आणि रोज स्वतः गाडी चालवणाऱ्याला त्याची गरज नाही. गाडी ड्रायव्हरच्या किंवा घरातल्या तिघा-चौघांच्या हातात असेल तर तेच घ्या.

किट परत पाठवायची वेळ आली तर नुसतं मॉड्यूल पाठवू नका, कॉइलही सोबत पाठवा. कॉइलच्या तोंडाशी तेल आलेलं दिसलं की आम्हाला फोन करून काही विचारावं लागत नाही.