वेशीबाहेर गेलेला घोडा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बिर्मेनस्टॉर्फ गावात आइसलँडिक घोड्यांची जागतिक स्पर्धा झाली. ही स्पर्धा दर दोन वर्षांनी भरते. आइसलँडहून जो स्वार आपला घोडा विमानात घालून आणतो, त्याला एक गोष्ट निघतानाच ठाऊक असते: परतताना आपण एकटे असू. घोडा जिंको की हरो, त्याला मायदेशी पुन्हा पाऊल ठेवता येत नाही. तो तिकडेच कुणाला तरी विकला जातो. वर्षानुवर्षं ज्याला आपल्या हातानं खरारा केला, त्याची पाठ शेवटची थोपटायची आणि विमानात बसायचं. वापरलेलं खोगीर आणि लगामही परत नेता येत नाहीत.

ऐकायला क्रूर वाटतं. पण या घोड्याची चाल, त्याची खाज, त्याचा खोकला आणि त्याला रोज लागणारी निगा यातलं काहीही समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या बंद दारापासूनच करावी लागते.

नवव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेतून आणि ब्रिटिश बेटांवरून माणसं उघड्या होड्यांतून आइसलँडला वस्तीला गेली. होडीत जागा किती असणार? नेले ते मोजके, दणकट घोडे. इसवी सन ९८२ मध्ये तिथल्या लोकसभेनं, म्हणजे आल्थिंगनं, बाहेरून घोडे आणायला बंदी घातली अशी परंपरा आहे. सालाबद्दल इतिहासकार कुरकुर करतात, पण हजारेक वर्षांत बाहेरचं रक्त या घोड्यांत जवळजवळ मिसळलं नाही हे खरं. निवड केली ती माणसानं आणि त्याहून जास्त हवामानानं. १७८३ साली लाकी इथल्या ज्वालामुखीच्या भेगा फुटल्या, फ्लोरिनयुक्त राख गवतावर बसली आणि बेटावरचे निम्म्याहून अधिक घोडे मेले. उरले त्यांची ही अवलाद. उंची साधारण १३५ ते १४५ सेंटिमीटर, वजन साडेतीनशे किलोच्या आगेमागे. आकारानं तट्टूच, पण आइसलँडमध्ये कुणी त्याला तट्टू म्हटलं तर समोरचा माणूस राग गिळून तुमची चूक दुरुस्त करतो. ‘थार्फास्ती थ्योनिन’, सगळ्यात गरजेचा सेवक, हे तिथलं त्याचं जुनं नाव. मोटारी येईपर्यंत टपाल, डॉक्टर, वऱ्हाड आणि प्रेतं, सगळं याच पाठीवरून जात असे.

आता त्याची चाल. माथेरानला घोड्यावर बसलेल्या कुणालाही दुडकी चाल समजावून सांगावी लागत नाही. ती कमरेला आठवते. दुडक्या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतात, मग दुसरी तिरपी जोडी. दोन जोड्यांच्या मधल्या क्षणी घोडा चक्क हवेत असतो. तो खाली येतो तेव्हा आपण वर असतो आणि आपण खाली येतो तेव्हा खोगीर वर येतं. आइसलँडिक घोड्याला चालणं, दुडकणं आणि चौखूर धावणं या तीन चाली आहेतच. शिवाय चौथी आहे, टोल्ट. तिच्यात पाय पडण्याचा क्रम साध्या चालण्याचाच असतो: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. फक्त वेग वाढतो, चौखूर धावण्याच्या तोडीचाही होतो. पण कितीही वेग घेतला तरी एक ना एक पाय जमिनीवर राहतोच. घोडा हवेत जात नाही, म्हणून स्वार आदळत नाही. भरलेला बिअरचा ग्लास हातात धरून टोल्टमध्ये दौडायची आणि शेवटी कुणाची कमी सांडली ते पाहायचं, असा खेळ या घोड्याचे शौकीन खेळतात.

काही घोड्यांना पाचवी चालही येते, स्केइद. तिच्यात एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र पडतात आणि मधे घोडा हवेत असतो. ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे वेग जातो. ही चाल शंभर-अडीचशे मीटरच्या शर्यतीपुरतीच.

टोल्ट शिकवावी लागत नाही, जन्मलेलं शिंगरूही कुरणात ती चालून दाखवतं, हे शेतकऱ्यांना कायम माहीत होतं. का, ते २०१२ साली कळलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या गटानं चार चालींचे आणि पाच चालींचे आइसलँडिक घोडे घेऊन त्यांचे जीनोम, म्हणजे डीएनएची अख्खी लिपी, ताडून पाहिले. फरक सापडला तो एका जनुकात, डीएमआरटी-३ मध्ये, आणि तोही एका अक्षराचा. त्या अक्षरामुळे प्रथिन अर्धवटच तयार होतं. हे प्रथिन पाठीच्या कण्यातल्या ज्या चेतापेशींत काम करतं, त्या डाव्या-उजव्या पायांचा आणि आखडणाऱ्या-ताणणाऱ्या स्नायूंचा मेळ घालतात. प्रथिन तोकडं पडलं की तिरप्या जोड्यांची सक्ती सैल होते आणि पाय वेगळ्या क्रमानं पडायला मोकळे होतात. बदललेल्या जनुकाची एक प्रत मिळाली तर बहुधा चार चाली. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन मिळाल्या तर पाचवीची शक्यता. थोडक्यात, जी चाल आपण कौशल्य म्हणून मिरवतो, ती मुळात एका बिघाडाची देणगी आहे. मला या शोधातला हा भाग सगळ्यात आवडतो.

हा बदल आला कुठून? २०१६ मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा बदल असलेले सर्वांत जुने नमुने सापडले ते इंग्लंडमधल्या यॉर्कचे, इसवी सन ८५० ते ९०० च्या दरम्यानच्या दोन घोड्यांचे. त्या काळातल्या स्कॅन्डिनेव्हियातल्या घोड्यांत तो नव्हता. नवव्या ते अकराव्या शतकातल्या आइसलँडच्या घोड्यांत मात्र भरपूर होता. ८६६ साली व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं होतं. तिथले आरामशीर चालीचे घोडे त्यांना आवडले आणि त्यांनी ते होडीत घातले, असा संशोधकांचा तर्क आहे.

जनुक आहे म्हणजे झालं, असं मात्र नाही. उत्तम टोल्टचे चार ठोके चार समान मात्रांसारखे ऐकू यायला हवेत. प्रत्यक्षात मात्रा सरकतात. एका बाजूचे दोन ठोके जवळ येऊ लागले तर चाल स्केइदकडे झुकते. घोडा संथ असताना ती इतकी घसरली की स्वार डुकरावर बसल्यासारखा डावी-उजवीकडे हिंदकळतो. तिरपे ठोके जवळ आले तर दुडकीकडे. जाणता शिक्षक डोळे मिटून, नुसत्या नालांच्या आवाजावरून सांगतो की काय बिघडलंय. ज्याच्याकडे जनुकाच्या दोन प्रती आहेत त्याला दुडकी स्वच्छ जमवणं कठीण जातं, म्हणून त्याच्याकडून आधी दुडकीच घोटून घेतात. अंग ताठ असेल तर ठोके बिघडतात, म्हणून वळणं, चढ-उतार, खडबडीत वाट. नंदुरबारजवळच्या सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल चालीचा, म्हणजे स्वाराला न आदळवता पळणारा, घोडा पारखणारे जुने जाणकारही कान लावूनच चाल तपासतात. त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

शिकवायला सुरुवात होते तीही उशिरा. शिंगरू मे-जूनमध्ये उघड्यावर जन्मतं आणि पुढची चारेक वर्षं कळपातच वाढतं. उन्हाळ्यात कित्येक कळप माळरानावर आणि डोंगरात मोकळे सोडलेले असतात. सप्टेंबरमध्ये त्यांना हाकत खाली आणतात आणि गोल कोंडवाड्यात ज्याचे त्याला वेगळे काढून देतात. उत्तरेकडच्या स्कागाफ्योर्दूरमधला लाउफस्काउलारेत्त हा त्यातला सर्वांत गाजलेला मेळा. दगडधोंडे, ओढे, दलदल, वडीलधाऱ्या घोड्यांच्या लाथा: पाय कुठं ठेवायचा आणि कुणाशी कसं वागायचं हे शिंगरू इथंच शिकतं. माणूस शिकवायला येतो तेव्हा अर्धं काम झालेलं असतं. चौथ्या-पाचव्या वर्षी पाठीवर खोगीर येतं. त्याआधी त्याला ‘हातघोडा’ करतात: स्वार एका अनुभवी घोड्यावर, आणि शिकाऊ घोडा त्याच्या बाजूला दोरीनं धरलेला. पाठीवर ओझं नाही, सोबतीला मोठा भाऊ, आणि वाट खरी. गर्दीच्या रिंगणात कोवळ्या घोड्याला गरागरा फिरवण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी शहाणपणाची वाटते.

ओझं किती चालतं, हा प्रश्न या घोड्याच्या बाबतीत नेहमी निघतो, कारण साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सहा फुटी माणूस बसलेला दिसतो. होलार इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ घोड्यांवर स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत भार ठेवून टोल्टमध्ये पळवलं. भार वाढला तसे हृदयाचे ठोके आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे श्रमात स्नायूंतून रक्तात उतरणारं रसायन, वाढत गेलं. स्नायूंची दमछाक सुरू झाल्याची खूण मानतात ती लॅक्टेटची पातळी सरासरी २३ टक्क्यांच्या आसपास ओलांडली गेली. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला खोगिरासकट ८० किलो. त्यापुढे तो नेत नाही असं नाही. नेतो, पण दम खर्च करून. लांबच्या सफरीत आइसलँडर मोकळे घोडे कळपानं बरोबर पळवत नेतात आणि वाटेत घोडा बदलतात, त्यात हिशेब हाच.

तोंडाचंही तसंच. स्पर्धेत घोड्याचं डोकं उंच आणि पुढचे पाय वर उचललेले दिसावेत म्हणून जिभेवर कमान येईल अशी लगामाची लोखंडी कडी काहीजण वापरत. पशुवैद्यांनी स्पर्धेच्या घोड्यांची तोंडं तपासली, तेव्हा खालच्या जबड्याच्या हाडावरच्या जखमांचा आणि या कडीचा थेट संबंध दिसला. २०१४ साली तो अभ्यास छापून आला आणि ती कडी स्पर्धांतून हद्दपार झाली. उशिरा, पण झाली.

रोजची निगा तशी साधी. हिवाळ्यात त्याला दुहेरी केस येतात: आतली लोकर आणि बाहेरचे लांब राठ केस, ज्यांवरून पाऊस ओघळून जातो. वारा अडवणारा आडोसा, कोरडी जागा आणि सुका चारा मिळाला की बर्फातही तो बाहेरच खूश. अशा घोड्याला माया म्हणून उबदार झूल घातली तर केस दबतात आणि ऊब उलट कमी होते. खरं संकट थंडीचं नाही, गवताचं आहे. उन्हाळ्यात खाऊन शरदापर्यंत चरबी साठवायची आणि वसंतापर्यंत ती पुरवायची, असं हे शरीर घडलंय. तोच घोडा जर्मनीच्या किंवा डेन्मार्कच्या हिरव्यागार कुरणात बारा महिने सोडला तर तो साठवतच राहतो. मग मानेवर चरबीची वळी, इन्सुलिनचं बिघडलेलं गणित, आणि शेवटी खुरांच्या आत दाह होऊन घोडा जागचा हलेनासा होतो. त्यामुळे जाणते मालक कुरण बेताचं ठेवतात आणि बोटांनी बरगड्या चाचपत राहतात: दिसता कामा नयेत, पण लागायला हव्यात. नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येतो, बर्फाच्या दिवसांत नालेला खिळे ठोकतो, आणि शरदात नाल काढून घोड्याला चक्क सुट्टी देतात.

बंद दाराची सगळ्यात विचित्र वसुली होते ती कातडीतून. यूरोपच्या मुख्य भूमीवर रक्त पिणारी एक-दोन मिलिमीटरची चिलटं असतात. घोड्यांना सतावणाऱ्या त्या जाती आइसलँडमध्ये नव्हत्या. बेटावरून गेलेला प्रौढ घोडा त्यांच्या लाळेला आयुष्यात प्रथमच भेटतो आणि त्याची प्रतिकारशक्ती बिथरते. आयाळ आणि शेपटीचं मूळ खाजवून खाजवून रक्तबंबाळ होतं. चिलटं भरपूर असलेल्या भागात दोनेक वर्षं राहिलेल्या अशा घोड्यांपैकी निम्म्याहून अधिकांना हा त्रास होतो. त्याच वंशाच्या, पण तिकडेच जन्मलेल्या घोड्यांत तो दहा टक्क्यांपेक्षाही कमी. रक्त तेच, फरक फक्त पहिल्या ओळखीच्या वयाचा. शिंगरूपणी लाळ ओळखीची झाली तर शरीर तिला शत्रू मानत नाही. एकदा ॲलर्जी जडली की उपाय मर्यादित: कानापासून शेपटीपर्यंत पातळ झूल, पहाटे-संध्याकाळी तबेल्यात मुक्काम, आणि वारा वाहणारं कुरण, कारण चिलटाला वाऱ्यात उडता येत नाही. रेक्याविकजवळच्या केल्दुर संस्थेतले आणि बर्न विद्यापीठातले संशोधक निर्यातीपूर्वी देता येईल अशा लशीवर बरीच वर्षं काम करत आहेत.

दार आतल्या बाजूनेही तितकंच महाग पडतं. बाहेरचे साथीचे रोग इथं नाहीत, म्हणून त्यांची ओळखही नाही. २०१० च्या वसंतात आइसलँडमधले घोडे खोकू लागले. काही महिन्यांत देशातल्या जवळपास सगळ्या, म्हणजे सुमारे ७७,००० घोड्यांपर्यंत साथ पोचली. निर्यात थांबली, त्या उन्हाळ्याचा राष्ट्रीय अश्वमेळा रद्द होऊन २०११ वर गेला. जीनोम वाचून संशोधक एका स्ट्रेप्टोकोकस जिवाणूपर्यंत पोचले, आणि पसरण्याचा माग लागला एका प्रशिक्षण केंद्रापर्यंत. तिथं घोड्यांना पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवत, एकामागून एक, त्याच पाण्यात. वेगवेगळ्या शेतांतून आलेले घोडे जाताना जिवाणू घेऊन घरी गेले.

बाहेरचा एकही घोडा देशात आलेला नसताना हे घडलं होतं. म्हणूनच खोगीर-लगामावरची बंदी काटेकोर आहे, आणि स्वारीचे कपडे धुऊन व बूट जंतुनाशक लावून, सुकवून मगच विमानतळावर उतरायचं असतं. हल्ली ध्रुवीय प्रकाश पाहायला आपल्याकडची मंडळीही बरीच जातात आणि टोल्टवर बसायची हौस भागवून येतात. तुम्ही जाणार असाल आणि आधीच्या सुट्टीत माथेरानला घोड्यावर बसला असाल, तर त्या दिवशीची जीन्स गरम पाण्यात धुवा आणि ते बूट शक्यतो घरीच ठेवा. हेल्मेट आणि रेनकोट तिथला शेतकरी देतो.