बार्सिलोनाला जाताय? हॉटेल बुक करायच्या आधी एवढं वाचा

बार्सिलोनासाठी येणारा पहिला मेसेज बहुतेकदा हाच असतो, "हॉटेल आम्ही घेतलंय, तुम्ही फक्त साइटसीइंग बसवून द्या." आणि हॉटेल निघतं एअरपोर्टजवळ नाहीतर पार शहराबाहेर, कारण तिथे रेट कमी होता. वाचलेले पैसे रोजच्या जाण्यायेण्यात जातात, वेळ जातो तो वेगळाच, आणि दुपारी रूमवर येऊन तासभर पडता येत नाही, आई-बाबा सोबत असले की ते लागतंच. म्हणून आम्ही आधी विचारतो काय बघायचंय आणि सोबत कोण आहे. काहींना ही उगाच चौकशी वाटते, पण एरिया चुकला की सगळा प्लॅन परत मांडावा लागतो.

फॅमिलीला आम्ही शक्यतो एशांप्ला सुचवतो. सर्दा या इंजिनिअरने 1859 मध्ये आखलेला हा भाग, सरळ रस्ते, कापलेल्या कोपऱ्यांचे मोठे चौक, त्यामुळे पत्ता पटकन सापडतो आणि टॅक्सी दारापर्यंत येते. प्रसिद्ध आर्किटेक्ट गाउदीच्या कासा बात्यो आणि कासा मिला या इमारती एकाच रस्त्यावर आहेत, त्याचं साग्रादा फामिलिया हे चर्चही याच भागात. गॉथिक क्वार्टर, म्हणजे शहराचा जुना भाग, बघायला फारच सुंदर, संध्याकाळी नक्की फिरा, पण अरुंद गल्ल्यांमध्ये बॅगा ओढत न्याव्या लागतात आणि रात्री उशिरापर्यंत आवाज असतो, तरुण जोडप्यांना चालतं. बार्सेलोनेटा ही मूळची कोळ्यांची वस्ती, बीच जवळ पण घरं लहान आणि उन्हाळ्यात तुफान गर्दी.

साग्रादा फामिलियाचं काम 1882 पासून चालू आहे आणि तिकीट ठराविक वेळेचं मिळतं, सीझनमध्ये आधीच संपतं, त्यामुळे "तिथे गेल्यावर काढू" असं कृपया करू नका. पार्क ग्वेललाही वेळ ठरलेली असते, शिवाय तो टेकडीवर आहे, मेट्रोतून उतरून बराच चढ चालावा लागतो, गुडघ्यांचा त्रास असेल तर सरळ टॅक्सी करा. दोन्ही एकाच सकाळी लागोपाठ लावायचा हट्ट नको, आम्ही मध्ये जेवणाचा वेळ सोडतो तो मुद्दामच. पिकासो म्युझियम सोमवारी बंद, बोकेरिया मार्केट रविवारी. बार्सिलोनात डिनर उशिरा असतं, साडेआठच्या आधी बऱ्याच रेस्टॉरंटचं किचनच सुरू होत नाही, त्यामुळे लहान मुलं असतील तर तयारी ठेवा.

व्हिसाच्या फाइलला हॉटेल बुकिंग लागतं म्हणून घाईत नॉन-रिफंडेबल घेऊ नका. आम्हाला तारखा, सगळ्यांची वयं आणि बघायच्या चार जागा पाठवा, कॅन्सल करता येईल असं हॉटेल आणि तिकिटांच्या वेळा आम्ही एकत्रच जुळवून देतो.